कच्च्या केळ्याच्या तळलेल्या वाट्या : परिसर अभ्यासाचा एक कृतिपाठ
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी)

केळे ठाऊक नाही असे मूल खारघर परिसरातील कोणत्याही शाळेत सापडणार नाही. परंतु घड केळीच्या कोणत्या भागातून बाहेर पडतो, एका केळीला आयुष्यात किती वेळा फळ येते, भाजीच्या केळ्यात व खाण्याच्या केळ्यात भेद कोणता, असे प्रश्न विचारले असता बहुतेक वर्ग गप्प बसतो. एखाददुसरा हात वर होतो तो बहुधा मागच्या बाकावरून. तो हात कोणाचा आहे इकडे शिक्षकाने अवश्य लक्ष द्यावे. प्रस्तुत पाठाचा आरंभ तेथूनच करावयाचा आहे.

खारघर, ओवे, मुर्बी, बेलपाडा, कोपरा, पेठ ही गावे मूळची भातशेतीची व मिठागरांच्या शेजारची. घरामागील परड्यात, न्हाणीच्या सांडपाण्यावर केळीचे चार खुंट ही कोकणातील घराची नित्याची खूण होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, गावांना क्रमांकांच्या सेक्टरांनी वेढले, आणि २०१६ साली पनवेल महानगरपालिकेची स्थापना झाल्यावर खारघर तिच्या हद्दीत आले. आज तेथील एका वर्गात आगरी घरातील मूल, इमारतीच्या कामावर आलेल्या मराठवाड्यातील किंवा कर्नाटकातील गवंड्याचे मूल, उत्तर हिंदुस्थानातील फेरीवाल्याचे मूल, आणि डोंगरावरच्या फणसवाडी-चाफेवाडीकडील ठाकूर-कातकरी मूल शेजारी शेजारी बसलेले असणे शक्य आहे. कोणी केळ वाढताना पाहिली आहे, कोणी केळे केवळ हातगाडीवर पाहिले आहे. पनवेल तालुक्याच्या इतर गावांतूनही ही स्थिती हळूहळू येत आहे. तेव्हा "तुम्ही केळीची बाग पाहिलीच असेल" असे म्हणून धडा पुढे नेणे आता योग्य होणार नाही.

पाठासाठी पदार्थ निवडला आहे तो थोडा नवा आहे : कच्च्या केळ्याचे तुकडे तळून, ते गरम असतानाच दाबून वाटीचा आकार द्यावयाचा, पुन्हा तळून कुरकुरीत करावयाचे आणि त्यांत तिखटमिठाचे सारण भरावयाचे. आपल्याकडे कच्च्या केळ्याची भाजी होते, तिखट लावून रव्यात घोळवलेले काप होतात, उपवासाचे वेफर होतात. वाट्या मात्र फारशा कोणी करीत नाही. नवा पदार्थ घेण्यात एक हेतू आहे. परिचित पदार्थाची कृती मुले पाठ म्हणून दाखवितात व तेथेच थांबतात. अपरिचित पदार्थ करताना मात्र प्रत्येक पायरीला "असे का?" हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी घरी पाहिलेल्या गोष्टी आठवाव्या लागतात.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने बाजूस ठेवून पाने, बिया, शंखशिंपले व गारगोट्या यांवर त्यांनी बालशिक्षण उभे केले. ते काम याच उत्तर कोकणात झाले. वस्तू परिसरातील घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ शिक्षक पुष्कळदा घेतात. वस्तूबरोबर ती वापरणाऱ्या माणसांचे ज्ञानही वर्गात यावे लागते, हा अर्धा भाग मात्र राहून जातो. शाळेत पोषण आहार शिजविणाऱ्या ताई रोज फोडणी करतात. तेल किती तापले हे त्यांना कढईकडे नुसते पाहून कळते. शिक्षकास ते बहुधा कळत नाही. म्हणून या पाठात तळण्याचा भाग ताईंनी शिकवावा, शिक्षकाने मुलांबरोबर उभे राहून प्रश्न विचारावे, आणि वहीत ताईंचे नाव "शिकविणार" म्हणून लिहावे. ताईंना आदल्या दिवशी सांगून, त्यांची संमती घेऊन व त्यांच्या नेहमीच्या कामाची वेळ टाळूनच हे करावे.

पूर्वतयारी

केळे राजेळी जातीचे मिळाल्यास उत्तम. ते लांब, जाड सालीचे व कंगोरेदार असते. वसई भागातील प्रसिद्ध सुकेळी याच जातीच्या पिकलेल्या फळापासून होतात. केरळी मालाच्या दुकानांतून मिळणारे नेंद्रन हे त्याच धर्तीचे केळे होय. दोन्ही न मिळाल्यास भाजीवाल्याकडील साधी हिरवी केळी घ्यावी. वाट्या किंचित मऊ होतात, पण होतात. केळे पूर्ण हिरवे व टणक हवे. पिवळी झाक आलेले घेतल्यास काय होते हे पुढे पाहावयाचेच आहे, म्हणून तसेही एक मुद्दाम आणून ठेवावे.

तीस मुलांच्या वर्गास आठ केळी पुरतात. एका केळ्याचे चार तुकडे, म्हणजे बत्तीस वाट्या : तीस मुलांच्या, एक ताईंची, एक शिक्षकाची. हे गणित शिक्षकाने स्वतः करून सांगू नये. मुलांना पटसंख्या व तुकडे सांगून केळी किती आणावीत हे त्यांनाच काढू द्यावे, आणि त्या दिवशी दोन मुले गैरहजर राहिली तर उरलेल्या दोन वाट्यांचे काय करावयाचे हेही त्यांनाच ठरवू द्यावे. या दुसऱ्या प्रश्नावर वर्ग पहिल्यापेक्षा अधिक वेळ बोलतो.

दाबण्यासाठी दोन स्टीलच्या वाट्या, एक मोठी व तिच्यात बसणारी एक लहान, पुरेशा आहेत. खलबत्त्याच्या बत्त्याचे गोल टोकही चालते. कोणाच्या घरी लिंबू पिळण्याचा जुना लाकडी चिमटा असेल, तर तो सर्वांत सोयीचा. त्याची खोलगट बाजू व तीत बसणारा उंचवटा या कामासाठीच केल्यासारखे असतात. वाट्यांना आतून तेलाचा हात लावावा, अन्यथा तुकडा चिकटतो.

चिकाविषयी येथेच सांगणे इष्ट. कच्चे केळे सोलताना निघणारा चीक हाताला काळसर डाग पाडतो व कपड्यावरचा डाग सहसा धुऊन जात नाही. ज्या घरी गणवेशाचा एकच जोड आहे त्या घरातील आईला हा कृतिपाठ डागाच्या रूपाने कळू नये. हातास व सुरीस आधी तेल लावावे, सदऱ्यावर जुने फडके बांधावे. सोलण्यासाठी दोन्ही टोके कापून, सालीवर उभी चीर देऊन, अंगठ्याने साल उचलावी. साल फारच घट्ट असल्यास केळे काही मिनिटे मिठाच्या पाण्यात ठेवावे. चीर शिक्षकाने द्यावी, साल मुलांनी उचलावी. केळी सोलण्यापूर्वी व सोलल्यानंतर तराजूत घालावी. सालीचे वजन एकूण वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा, क्वचित त्याहूनही अधिक भरते. बाजारात पैसे कशाचे दिले व खावयास काय मिळाले, हा हिशेब मुलांना या एका तराजूने जितका समजतो तितका फळ्यावरील दहा उदाहरणांनी समजत नाही.

कृती

सोललेल्या केळ्याचे साधारण दोन पेरांएवढे उंच तुकडे करावेत. ते पाण्यात टाकले असल्यास फडक्याने पूर्ण कोरडे करावेत. ओला तुकडा तापलेल्या तेलात पडला तर पाण्याची क्षणात वाफ होते व तेल उडते. अमेरिकेकडील काही घरांत दोन तळण्यांच्या मध्ये हे तुकडे लसणीच्या खारट पाण्यात बुडविण्याची रीत आहे. ती चवीला चांगली असली तरी शाळेत मुळीच करू नये. मीठ शेवटी भुरभुरावे.

पहिले तळणे मध्यम तेलात. ताईंनी तुकड्याचा एक कण तेलात टाकून दाखवावा : तो तळाशी जाऊन सावकाश वर आला तर तेल मध्यम तापले, पडताक्षणी वर आला तर अधिक तापले. चार-पाच मिनिटांत तुकडे फिकट पिवळे होतात व सुरीचे टोक सहज आत जाते. त्यांना तांबूस रंग येऊ देऊ नये. तुकडे बाहेर काढून दोन-तीन मिनिटे थांबावे, नंतर एकेक तुकडा मोठ्या वाटीत उभा ठेवून लहान वाटीच्या बुडाने सावकाश दाबावा. तुकडा पसरत वर चढतो व वाटी तयार होते. जाडी अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास असावी. फार पातळ केल्यास तळाला भोक पडते, फार जाड ठेवल्यास आत मऊ राहते. दाबण्याचे काम मुलांनी करावयाचे; तुकड्यास हात न लावता, वाटी फडक्याने धरून. सर्व वाट्या झाल्या की तेल अधिक तापवून त्या दोन-तीन मिनिटे सोनेरी होईपर्यंत तळाव्यात व पालथ्या घालून निथळू द्याव्यात.

एक तुकडा मुद्दाम पूर्ण गार होऊ द्यावा व मग दाबण्यास सांगावे. तो चिरतो, कडेने फुटतो. हा तुकडा फुकट गेला असे मुलांना वाटेल. त्यांना सांगावे की आजच्या तासातील सर्वांत किमती तुकडा हाच.

"का?" या प्रश्नाकडे

कच्च्या केळ्याच्या गरात शेकडा सुमारे २० ते २५ भाग पिष्ट, म्हणजे स्टार्च असते. उष्णता व गरातील पाणी यांच्या योगाने पिष्टाचे कण फुगतात व मऊ होतात. म्हणून गरम तुकडा दाबला असता कणकेसारखा वळतो. गार झाल्यावर तेच पिष्ट घट्ट बसते व तुकडा मोडतो. रात्रीचा भात सकाळी टणक का लागतो, याचे कारणही हेच. हे कारण शिक्षकाने सांगण्याची घाई करू नये. गार तुकडा फुटलेला पाहून "गुरुजी, शिळी भाकरीपण अशीच मोडते," असे एखादी मुलगी म्हणाली की अर्धे काम झाले. तसे कोणी म्हणाले नाही तर दुसऱ्या दिवशी डब्यातील शिळा भात दाखवावा. दिवस लांबला म्हणून बिघडत नाही.

दोनदा का तळावयाचे, हा दुसरा प्रश्न. पहिल्या तळण्याने आतला गर शिजतो. दाबल्याने तो पातळ होऊन तेलास मोठा पृष्ठभाग मिळतो. दुसऱ्या, अधिक तापलेल्या तेलाने त्या पृष्ठभागातील पाणी निघून जाते व कवच कडक होते. कढईतील बुडबुडे कशाचे, असे विचारल्यास बहुतेक मुले "तेल उकळते" असे सांगतील, आणि पुष्कळ मोठी माणसेही तसेच समजतात. बुडबुडे पाण्याच्या वाफेचे असतात. पुरावा मुलांसमोरच आहे : तुकडे बाहेर काढले की तेल तितकेच तापलेले असूनही बुडबुडे थांबतात. तळण्यापूर्वी एका तुकड्याचे वजन घेऊन ठेवावे व त्याचीच वाटी तळून झाल्यावर पुन्हा वजन करावे. तेल शोषूनही वजन घटलेले दिसेल. गेले ते काय, हे आता वर्ग स्वतः सांगू शकेल.

पिवळट केळ्याचा तुकडा त्याच तेलात तळला असता तो लवकर काळपट होतो, दाबताना पसरतो व चवीला गोडसर लागतो. केळे पिकते तेव्हा पिष्टाची साखर होत जाते. पूर्ण पिकलेल्या साध्या केळ्यात शेकडा एक-दोन भागच पिष्ट उरते. साखर लवकर करपते, हे गूळ वितळताना पाहिलेल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

सारण

यात फारसे शिकविण्यासारखे नाही. घरोघरी जे रुचते ते चालेल. मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची कोरडी उसळ, उकडलेल्या बटाट्याची भाजी, रायगड जिल्ह्याच्या सवयीचे कडव्या वालांचे बिरडे अंगासरशी रस आटवून, वरून बारीक चिरलेला अलिबागचा पांढरा कांदा व कोथिंबीर. आगरी घरांतून कांद्यावर परतलेला सुका जवळा या वाट्यांत फार छान लागेल. घरी तो अवश्य करावा. शाळेत मात्र सर्व मुले एकत्र बसून खाऊ शकतील असेच एक सारण ठेवावे, एकाला एक व दुसऱ्याला दुसरे असे करू नये. शेंगदाण्याने किंवा अन्य कशाने अंगावर पित्त उठणारे मूल वर्गात आहे काय याची चौकशी आधी करावी.

सारण कोरडे हवे व ते खाण्याच्या वेळीच भरावे. येथेही एक प्रयोग होतो. एक वाटी भरून अर्धा तास ठेवावी, दुसरी त्या वेळी भरावी, आणि दोन्ही मोडून आवाज ऐकावा. तळताना महत्प्रयासाने घालविलेले पाणी सारणातून कवचात परत येते.

कामाची वाटणी करताना मुलींनी सोलावे, भरावे, वाढावे आणि मुलांनी वजन करावे, लिहावे असे नकळत घडते. शिक्षकाने चिठ्ठ्या टाकून कामे द्यावीत.

धोक्याविषयी

या पाठात खरा धोका एकच आहे व तो मोठा आहे. तळण्याचे काम कोणत्याही परिस्थितीत मुलांकडे देऊ नये, मग ते मूल घरी रोज स्वयंपाक करीत असले तरीही. कढईभोवती जमिनीवर खडूने सुमारे दोन मीटर अंतराचे वर्तुळ आखावे व एकही पाऊल आत येऊ देऊ नये. ते वर्तुळ आखण्यास दोरी व खडू वापरल्यास भूमितीचे कामही उरकते. शेगडी जमिनीवर नसावी, कढईचा कान बाहेर आलेला नसावा, कढई अर्ध्याहून अधिक भरू नये. कढईवर बसेल असे झाकण हाताशी ठेवावे. तेलाने पेट घेतल्यास आच बंद करून झाकण घालावे. पाणी कदापि टाकू नये. आधी पाहिलेले उडते तेल मुलांना येथे आठवू द्यावे, म्हणजे या नियमाचे कारण त्यांना पाठ करावे लागणार नाही. कोणास भाजलेच तर भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, हळद, दंतमंजन, शाई यांपैकी काहीही लावू नये, आणि फोड मोठा असल्यास दवाखान्यात न्यावे. गावातून अद्याप भाजल्यावर शाई लावलेली मुले शाळेत येतात. या पाठाने घरी एवढी एक गोष्ट पोचली तरी तो घेतल्याचे सार्थक आहे.

तेच तेल पुन्हापुन्हा तापवून वापरणे आरोग्यास घातक असते. वापरलेल्या तेलासंबंधी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मर्यादेचे नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहेत. ती मर्यादा मोजण्याचे साधन शाळेत नसते, पण काळवंडलेले, फेस धरणारे व उग्र वासाचे तेल टाकून द्यावे इतके प्रत्येकास करता येईल.

भाषा व भूगोल

खाऊन झाल्यावर मुले स्वस्थ बसतात, तेव्हा शब्द गोळा करावेत. केळ हे झाड आणि केळे हे फळ, येथून सुरुवात. मग खुंट, कंद, मुनवे, सोपट, गाभा, केळफूल, फणी, घड. घडाला कोणाच्या घरी लोंगर म्हणतात. मराठवाड्यातील, कानडी घरातील, डोंगरावरील मुलांनी आपापले शब्द सांगावेत व ते सर्व फळ्यावर सारख्याच अक्षरांत लिहावेत. "शुद्ध शब्द कोणता" हा प्रश्न या तासाला विचारू नये. केळ हा वस्तुतः वृक्ष नव्हे, तिचे खोड म्हणजे एकमेकांभोवती गुंडाळलेल्या पानांच्या देठांचे आवरण होय. एकदा घड दिल्यावर ती केळ संपते व मुनवे वाढतात, हे येथे सांगावे.

नकाशावर आग्नेय आशियापासून बोट ठेवून निघावे. केळीचे मूळ तेथले. तेथून ती हिंदुस्थानात व आफ्रिकेत पसरली, आणि १५१६ साली तोमास दे बेर्लांगा या स्पॅनिश धर्मोपदेशकाने कॅनरी बेटांवरून ती कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर नेली, असे इतिहासात नमूद आहे. त्या समुद्रातील पोर्तो रिको व क्यूबा येथे दाबून दोनदा तळलेल्या केळ्यांना तोस्तोनेस म्हणतात, कोलंबियात पाताकोनेस म्हणतात. दाबण्यासाठी तेथे तोस्तोनेरा नावाचे बिजागरीचे लाकडी साधन असते, आणि वाट्यांसाठी असलेल्या साधनात एका फळीला खळगा व दुसरीला उंचवटा असतो. लिंबाच्या चिमट्याने वाट्या केलेल्या वर्गास त्याचे चित्र काढण्यास सांगितले तर ते न पाहताही बरोबर काढतील. मग बोट परत आणून जळगावावर ठेवावे. तेथील केळ्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो केळ्याचा जिल्हा तापीकाठचा व उन्हाळ्यात फार तापणारा. केळ कोकणात सांडपाण्यावर आणि तेथे विहिरीच्या पाण्यावर कशी वाढते, हा प्रश्न पाचवीच्या वर्गास घरी विचार करण्यास द्यावा.

पुढील आठवडा

साधे हिरवे केळे एक व राजेळी एक अशी दोन फळे वर्गातील कपाटात ठेवावी. औषधाच्या दुकानातील टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून, दर दुसऱ्या दिवशी प्रत्येक फळाच्या एका पातळ चकतीवर एक थेंब शिक्षकाने टाकावा. पहिल्या दिवशी डाग निळाकाळा उमटतो. केळे पिवळे होत जाईल तसा साध्या केळ्यावरील डाग फिकट होत जातो, राजेळी मात्र पिकल्यावरही काही अंशी डाग धरते, कारण तिच्यात पिष्ट अधिक काळ टिकते. मुलांनी डागाचा रंग रोज रंगीत खडूने तक्त्यावर भरावा. ज्या मुलाने पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून हात वर केला होता, त्याच्याकडे तक्ता सोपवावा. आयोडीन लावलेल्या चकत्या कोणी खाऊ नयेत किंवा बाहेर शेळ्यांना घालू नयेत, म्हणून त्या त्याच वेळी शाळेच्या आवारात मातीत पुराव्यात.